बगलेतली हळद

मे महिन्यात मालवणला आंघोळ करून अंग पुसेपर्यंत माणूस पुन्हा भिजतो. आपण पाणी टिपतोय की घाम, हे पंचालाही कळत नसावं. अशा हवेत मी वडिलांच्या वर्षश्राद्धाला गेलो आणि बॅगेतून त्यांचा पांढरा पॉपलीनचा शर्ट काढला. आत्येनं तो उजेडात धरला. दोन्ही बगलांत हळद लावल्यासारखे डाग.

"मेल्या, ह्यां काय केलंस? माझ्या भावान वीस वर्सां घातल्यान, कधी पिवळो पडलो नाय!"

वर्षभर मी तो शर्ट ऑफिसात घालत होतो. वडिलांची आठवण म्हणून घालत होतो, आणि वडिलांच्या आठवणीला वास येऊ नये म्हणून बगलेत फवाराही मारत होतो. डाग दिसल्यावर मुंबईत ब्लिचिंग पावडर लावून पाहिली, तर ते आणखी गडद झाले. मग एका लॉन्ड्रीत दिला. त्यांनी कडक इस्त्री फिरवून ते जन्माचे पक्के केले.

डबा घेऊन बारीक अक्षरं वाचली, तेव्हा गुन्हेगार सापडला: ॲल्युमिनियमचे क्षार. घाम थांबवतात ते हेच. घामातल्या प्रथिनांशी आणि तेलाशी त्यांचं जमलं की कापडावर पिवळा थर बसतो. नुसत्या घामानंही कपडा पिवळा पडतो म्हणा, पण तो साबणाचं ऐकतो. हा ऐकत नाही.

गंमत म्हणजे रोग आणि औषध एकाच वर्षी निघाले. 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली आणि त्याच साली तिकडे फिलाडेल्फियात 'मम' नावाचं दुर्गंधीनाशक मलम बाजारात आलं. 'मम' बिचारं नुसता वास मारी. घामच बंद करण्याची हाव 1903 च्या 'एव्हरड्राय'नं धरली. त्यातलं ॲल्युमिनियम क्लोराइड इतकं आंबट, की कपडाच खाई. पुढचं 'ओडोरोनो' तर लाल रंगाचं! ते बगलेत लावून वाळेपर्यंत बायका हात वर करून बसत. 1919 साली त्याच्या एका जाहिरातीनं बायकांना सुचवलं की, तुमच्या घामाचा वास तुम्हाला येत नाही, पण इतरांना येतो. सुमारे दोनशे वाचक बायकांनी चिडून मासिक बंद केलं. खप मात्र पुढच्याच वर्षी दुपटीवर गेला. लाज विकायला काढली, तर गिऱ्हाईक मिळतंच.

मालवणात ती लाज पोचायला बरीच वर्षं लागली. रापण ओढणाऱ्याला घाम आला, तर त्यात लपवण्यासारखं काय? वडील संध्याकाळी घरी येत, शर्ट तिथल्या तिथे पाण्यात बुडवत. घाम कापडात वाळूच देत नसत. सगळी विद्या एवढीच. (प्राचीन रोममधले परीट तर कपडे शिळ्या मुतात तुडवत. व्हेस्पेझियन बादशहानं त्या मुतावर करही बसवला होता. हे मी आत्येला सांगितलं नाही. श्राद्धाचं घर.)

आत्येला ॲल्युमिनियम म्हणजे टोप. पण तिनं डागावर लिंबू पिळलं, आणि ते बरोबर होतं. हे क्षार आंबटात सुटतात. तासाभरानं रिठ्याच्या पाण्यात शर्ट बुडवला. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात साबण फाटतो आणि कपड्यावर साय धरतो. रिठा फाटत नाही. हलक्या हातानं चोळून शर्ट ओलाच उन्हात टाकला. तीन दिवस हाच क्रम. नीळ घालू या, असं मी म्हटलं, तर म्हणाली, निळीनं डाग जात नाही, झाकतो. सनलाइटवाल्यांनी हिला नोकरीला ठेवायला हवं होतं.

चौथ्या दिवशी तिनं पुन्हा शर्ट उजेडात धरला.

"वायचसो रवलो. रवांदे."

श्राद्धाचे विधी उरकले आणि तो शर्ट घालून मी पंगतीत वाढायला उभा राहिलो. फवाऱ्याचा डबा बॅगेतच होता. सोलकढी फिरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला, बगला ओल्याचिंब. आत्ये पडवीतून बघत होती.

"आता दिसतंस दादासारखो," ती म्हणाली, आणि भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं.