कागद जुन्नरचा, गोष्ट कोणाची?

छापखाना येण्याआधी मराठी मुलखात हिशेब, खलिते आणि गोष्टी ज्या कागदांवर उतरत, त्यांत जुन्नरी कागदाचे नाव मोठे. चिंध्या आणि जुनी गोणपाटे भिजवायची, कुटायची, लगदा धुऊन चौकटीवर ताव उचलायचा, वाळल्यावर खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या तावावर बोरूची शाई फुटत नसे. हे काम करणाऱ्या मुसलमान कारागिरांना कागदी म्हणत. पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्यातही जुन्नरहून आलेली कागदी घराणी वसली. पेशवे दफ्तराच्या रुमालांत हा कागद आजही सापडतो.

त्या रुमालांतली बरीच पाने रुक्ष, हे कबूल. बखरींचे तसे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला बसून लिहिलेल्या बखरीत जुन्नरच्या लुटीची हकीकत आहे. ही लूट १६५७ सालची, शिवनेरीखालच्या मोगली ठाण्यावरची. सभासद ती थोडक्यात उरकतो आणि वाचणारा आपसूक पुढच्या प्रकरणात जातो. ‘भाऊसाहेबांची बखर’ हाती घेतली, तर पानिपत गाठल्याशिवाय खाली ठेववत नाही. मराठीत कादंबरी जन्मायच्या आधीचे हे खिळवून ठेवणारे गद्य.

गावोगावी मात्र पोथी चाले. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडे, डोंगराच्या बाजूला, आषाढात भातलावणीने कंबर मोडते. ती आटोपली की श्रावणात देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर पोथी लागे. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा, भोवती म्हातारीकोतारी आणि पोरे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२चा, ‘पांडवप्रताप’ १७१२चा. दोन्हींत गोष्ट रंगवायची हातोटी अशी, की दुसऱ्या रात्री माणसे पुन्हा जागेवर हजर. पोथी संपली की पुढच्या श्रावणापर्यंत अक्षराशी गाठ नाही, आणि त्याची कुणाला टोचणीही नाही. आज ‘किती वर्षांत पुस्तक वाचले नाही’ म्हणून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: इथे वाचनाला हंगाम होता, शेतीला असतो तसाच.

उन्हाळ्यात जत्रा लागल्या की गोष्टीची भूक तमाशाचा वग भागवी. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात, आणि जत्रेच्या रात्री वग सुरू झाला की उजाडेपर्यंत माणूस हलत नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावाचे नाव लावून महाराष्ट्रभर गाजल्या.

कादंबरी आली ती बखरी-पोथ्यांनंतर, आणि आली ती गिरणीच्या कागदावर. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’, १८७१ साली रा. भि. गुंजीकरांचे ‘मोचनगड’. मोचनगड हा किल्ला कल्पनेतला. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे खरे किल्ले एका जुन्नर तालुक्यात उभे असताना किल्ला कल्पावा का लागला, असा प्रश्न इथल्या माणसाने विचारला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापली. पुढचा अंक येईपर्यंत जीव टांगणीला लावायची श्रीधरस्वामींची युक्ती आता छापखान्याच्या हाती गेली. त्याच सुमाराला पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणीही निघाली. हाताने घोटलेला जुन्नरी ताव या स्वस्ताईपुढे टिकणे शक्य नव्हते.

दुसरा बदल वाचणाऱ्यात झाला. पोथीला चारचौघे लागत, कादंबरीला एकटा माणूस आणि दिवा पुरे. गिरणीत, हमालीत, डबे पोचवण्यात राबायला या तालुक्यांतून मुंबईला गेलेल्यांच्या नशिबी एवढा निवांतपणाही क्वचितच येई. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू त्यांतलाच. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो मुंबईत मारला गेला. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव त्याच जलाशयाखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात.

अशी बुडालेली गावे कादंबरीत आणली ती विश्वास पाटलांनी. ‘झाडाझडती’ १९९१ साली निघाली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातले जांभळी गाव आंबेगाव नव्हे. पण नोटिसा, मोजणी, मोबदल्यासाठीचे हेलपाटे आणि पुनर्वसनाची वाट पाहता पाहता खचलेली माणसे यांची डिंभ्याच्या काठावर कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. फार दिवसांनी कादंबरी हाती घेणार असाल, तर ही घ्या. पुस्तक जाडजूड आहे, म्हणून लावणी उरकल्यावरच उघडा.