पस्तीस किलोमीटरची रेल्वे सुरू कशी होते? बार्शी लाइटचा इतिहास आणि देवगडच्या फाट्याचा हिशोब

जामसंडे : देवगड तालुक्यात रेल्वे स्टेशन नाही. जामसंड्यातल्या माणसाला मुंबईची गाडी पकडायची तर आधी नांदगाव किंवा कणकवली गाठायची. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हापासून हेच चालू आहे. म्हणून "नांदगावहून देवगडपर्यंत एक फाटा काढला तर काय बिघडलं?" हा प्रश्न दर काही वर्षांनी निघतो. कधी विजयदुर्ग बंदराच्या रेल्वेची चर्चा होते, कधी वैभववाडी-कोल्हापूर मार्गाची.

नांदगाव ते जामसंडे हे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचं. महाराष्ट्रात बरोबर एवढ्याच लांबीची एक रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली होती. तिचं नाव बार्शी लाइट रेल्वे. रेल्वेप्रेमी मंडळी आजही तिची इंजिनं, डबे, जुने फोटो शोधत फिरतात. पण तिच्या सुरुवातीचा हिशोब फक्त हौशी लोकांपुरता नाही. छोटी रेल्वे कशाने जगते आणि कशाने मरते, हे त्यात स्पष्ट दिसतं.

स्टेशनच्या नावातला 'रोड'

मुंबई-सोलापूर रेल्वेमार्ग १८६० च्या आसपास टाकला गेला, तेव्हा बार्शी बाजूला राहिली. स्टेशन झालं कुर्डुवाडीला, आणि त्याला नाव दिलं 'बार्शी रोड'. रेल्वेच्या भाषेत नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथे नाही, इथून त्या गावाला रस्ता जातो. नांदगाव रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड ही आपल्याकडची उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत.

बार्शी ही तेव्हाही मोठी बाजारपेठ होती. बालाघाटावरून कापूस, गळिताची धान्यं, ज्वारी बैलगाड्यांनी तिथे यायची. तिथून पुन्हा बैलगाड्यांनी स्टेशनपर्यंत जवळपास बावीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटर. माल तयार, गिऱ्हाईक तयार, मधला तुकडा तेवढा नडत होता.

हा तुकडा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरच्या नजरेत भरला. तो १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मूळ कंपनीत, इंजिन खात्यात नोकरीला आला होता. त्याने सर्व्हे केला, सरकारशी बोलणी सुरू केली. ही गोष्ट १८८० च्या दशकातली. कंपनी स्थापन व्हायला १८९५ उजाडलं आणि गाडी धावायला १८९७. पस्तीस किलोमीटरसाठी जवळपास दहा वर्षं गेली. तेही सपाट मुलखात, जिथे ना घाट, ना खाडी.

पाच टनांचं गणित

रेल्वेप्रेमींना बार्शी लाइटचं कौतुक आहे ते मुख्यतः एका आकड्यासाठी. तो आकडा म्हणजे पाच टन.

रेल्वेच्या रुळावर गाडीचं वजन चाकांच्या जोड्यांमधून येतं. एका आसावर जितकं वजन जास्त, तितका रूळ जाड, पूल भक्कम आणि खर्च मोठा. कॅलथ्रॉपने ठरवून टाकलं की इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. मग रूळ हलका चालतो. बार्शीला यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो वजनाचा रूळ वापरला. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. आपल्या कोकण रेल्वेचं अंतर साडेपाच फूट आहे, म्हणजे दुपटीहून जास्त.

आता इंजिन हलकं केलं तर ते ओढणार काय? इथेच त्याची अक्कल दिसते. इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने पाच इंजिनं बनवून घेतली. प्रत्येकाला ओढणाऱ्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे भार वाहायला आणखी दोन. एकूण सहा आस. म्हणजे तीस टनांच्या आतबाहेरचं इंजिन त्या बारीक रुळावरून सुखाने जाऊ शकत होतं, कारण वजन सहा ठिकाणी वाटलेलं होतं. मालडब्यांनाही तोच नियम. खाली दोन-दोन आसांच्या बोगी घालून डबे लांब केले, त्यामुळे एका डब्यात माल भरपूर मावायचा. हलकी रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे, हा समज बार्शीने मोडला.

एक अडचण मात्र कॅलथ्रॉपलाही सुटली नाही. बार्शीहून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागायचा, कारण छोट्या रुळावरचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. हमाली, वेळ आणि नासधूस, तिन्ही आलं. कापसाच्या गाठीला ते चालून जातं. आंब्याच्या पेटीला चालेल का, ते पुढे पाहू.

एकच इंजिनियर, दोन नशिबं

बार्शी लाइट वाढत गेली. पूर्वेकडे १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. पश्चिमेकडे पंढरपूर जोडलं गेलं आणि १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर झाली. लातूरची बाजारपेठ, पंढरपूरचे वारकरी, मिरजेचं जंक्शन, असं प्रत्येक टोकाला काहीतरी होतं. जाताना माल, येताना माल, आणि एकादशीला डबे कमी पडतील इतकी माणसं. सरकारने १९५४ मध्ये ती ताब्यात घेतली.

त्याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची रेल्वे उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तोच अडीच फुटी रूळ, किटसनचीच इंजिनं. लांबी तेरा-चौदा किलोमीटर. ही मात्र १९३४ मध्ये बंद पडली. कारण साधं होतं. तिच्या शेवटच्या टोकाला बाजारपेठ नव्हती, डोंगरातली लहान गावं होती. भरवशाचा माल एकच, दूध. उन्हाळ्यात थोडे पर्यटक. मोटारी आल्या, दूध रस्त्याने जायला लागलं आणि रेल्वेकडे ओढायला काही उरलं नाही.

बांधणारा तोच, इंजिन तसंच, रूळ तोच. फरक होता तो दुसऱ्या टोकाला काय आहे याचा आणि बारा महिने माल मिळतो का याचा. (हा कॅलथ्रॉप पुढे रेल्वे सोडून विमानातून उडी मारायच्या पॅराशूटमागे लागला, ती गोष्ट वेगळी.)

धाराशिवला शंभर वर्षं वाट पाहावी लागली

बार्शी लाइटमधली आणखी एक गोष्ट देवगडकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लातूरकडे जाताना ही रेल्वे येडशीवरून गेली आणि धाराशिव शहर बाजूला राहिलं. जिल्ह्याचं ठिकाण, पण स्टेशन नाही. एकविसाव्या शतकात हा मार्ग मोठ्या रुळाचा झाला, तेव्हा आखणी बदलून तो धाराशिववरून नेला, आणि त्या शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. एकदा रूळ जिथे पडला तिथे पडला, मग तो हलवायला पिढ्या जातात. आखणीचा नकाशा येतो त्या वेळी गावाने तो बघायला हवा, तो यासाठी.

मालकी कोणाची, हेही सुरुवातीलाच ठरतं

विदर्भातली शकुंतला रेल्वे अनेकांनी मोबाईलवर व्हिडिओत पाहिली असेल. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर आणि पुलगाव-आर्वी ३५ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने कापूस वाहून नेण्यासाठी ती उभी केली. देश स्वतंत्र झाला तरी रूळ कंपनीच्या मालकीचे राहिले, गाडी मात्र सरकारी रेल्वेने चालवायची आणि कंपनीला वाटा द्यायचा. रुळांवर खर्च कोणी करायचा यात वर्षं गेली. वाफेचं इंजिन थेट १९९४ पर्यंत चाललं. रेल्वेप्रेमींना ते भारी वाटायचं, पण ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या प्रवाशाला काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

माथेरानची गाडी हाही खासगी पैशाचाच खेळ. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पैसा घातला, मार्च १९०७ मध्ये ती सुरू झाली. इंजिनांचा आराखडा पुन्हा कॅलथ्रॉपचाच. तिथली वळणं इतकी आखूड की चाकांच्या जोड्यांना वळणात थोडं सरकता येईल अशी खास रचना करावी लागली. ती जगली ती पर्यटकांवर.

कोल्हापूरची गोष्ट आणखी वेगळी. मिरज-कोल्हापूर हा पन्नास किलोमीटरच्या आतला मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतः बांधला. शाहू महाराज लहान असताना, १८८८ मध्ये, त्यांच्या हस्ते कामाचा शुभारंभ झाला आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. तीन वर्षांत काम फत्ते, कारण पैसा आणि जमीन दोन्ही एकाच दरबाराच्या हातात.

मग आपला फाटा?

आता नांदगाव-देवगडचा हिशोब याच मापाने घालून बघा.

हापूस हा मोठा माल आहे, पण खरा जोर मार्च ते मे. बाकीचे नऊ महिने गाडीने काय न्यायचं? देवगड बंदरातली मासळी आहे. जांभ्याचे चिरे आहेत. येताना सिमेंट, खत, रेशनचं धान्य. कासार्ड्याची सिलिका वाळू आहे, पण ती आधीच मुख्य मार्गाच्या जवळ आहे, बंदरातून बाहेर जाणार असेल तरच फाट्याच्या उपयोगाची. म्हणजे टोकाला चालतं मोठं बंदर असेल तर मालगाडीचा विचार होतो, नुसत्या आंब्यावर होणं कठीण. दूधवाल्या इंग्लिश रेल्वेचं जे झालं ते समोर आहे.

बंदर आहे म्हणून रेल्वे येतेच असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात डिंगणी ते जयगड बंदर या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गासाठी २०१५ मध्ये कोकण रेल्वे, बंदर चालवणारी खासगी कंपनी आणि मेरिटाइम बोर्ड यांच्यात करार झाला. बंदर चालू आहे, माल आहे. रेल्वे धावलेली नाही.

दुसरा मुद्दा चढउताराचा. आज बागेतून पेटी टेम्पोत चढते आणि ट्रक थेट वाशीच्या मार्केटात उभा राहतो. रेल्वेने न्यायची तर बागेतून स्टेशन, स्टेशनात भरणं, तिकडे उतरवणं, पुन्हा टेम्पो. पिकत आलेल्या फळाला प्रत्येक धक्का महाग. कोकण रेल्वेने यावर एक उपाय १९९९ मध्येच काढला, तो म्हणजे रो-रो. भरलेला ट्रक जसाच्या तसा वाघिणीवर चढवायचा. कोलाड ते वेर्णा अशी ती सेवा सुरू झाली. २०२५ च्या गणपतीत खासगी गाड्यांसाठीही अशी सेवा निघाली आणि तिला नांदगाव रोडला थांबा मिळाला. देवगडच्या बागायतदारासाठी नव्या फाट्याच्या आधी नांदगावला ट्रकसाठी रॅम्प, शीतगृह आणि गाड्यांचे थांबे मागणं जास्त जवळचं दिसतं. त्यात जमीन जात नाही आणि दहा वर्षं थांबावंही लागत नाही.

तिसरा मुद्दा जमिनीचा. नांदगावहून समुद्राकडे यायचं तर सडे फोडायचे, दऱ्या भरायच्या, खाडीचे फाटे ओलांडायचे. बार्शीचा बारीक रूळ आता कोणी टाकणार नाही. आज नवा मार्ग म्हणजे मोठाच रूळ, त्याला रुंद पट्टा लागतो आणि वळणंही मोठी. कलमांच्या बागा त्या पट्ट्यात येणारच.

बातमी आली की काय बघायचं

'रेल्वे मंजूर' या शब्दांवर लगेच फटाके फोडू नयेत. सर्व्हेला मंजुरी म्हणजे मार्गाला मंजुरी नव्हे. सर्व्हेनंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, मग मंजुरी, मग दरवर्षीची तरतूद. ही तरतूद अर्थसंकल्पाबरोबर येणाऱ्या रेल्वेच्या 'पिंक बुक'मध्ये प्रकल्पाच्या नावासमोर छापलेली असते. नावासमोर किरकोळ आकडा असेल तर काम तेवढंच होणार. सुमारे १०७ किलोमीटरचा वैभववाडी-कोल्हापूर मार्ग सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला होता. त्यानंतर त्याच्या बातम्या किती वेळा वाचल्या, ते ज्याचं त्याला ठाऊक.

विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून जमीन घ्यायची असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम २०-ए खाली अधिसूचना निघते, तिच्यात सर्व्हे नंबर असतात. ती प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकत नोंदवता येते. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. मुंबईकर भावाबहिणींची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांना त्याच आठवड्यात कळवायचं, कारण सामाईक जमिनीत एकाची हरकत आणि दुसऱ्याची संमती असा घोळ झाला की मोबदला अडकतो. फळझाडांची नोंद सातबाऱ्यावर आहे का, हे मात्र अधिसूचनेची वाट न बघता आजच तपासता येतं.