निर्देशकारित्व आणि ज्ञापकत्व : मनोरुग्ण औषध का घेतात, का सोडतात

मंडळी, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. रोग्याचे गुण कोणते, तर स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे काय काय झालं ते आठवणं, सांगितलेलं करणं, न घाबरणं आणि आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. पलीकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका छोट्या ग्रंथात वैद्याला सावध केलेलं आहे की, रोग्यांवर नजर ठेव, दिलेलं औषध घेतलं की नाही याबद्दल ते पुष्कळदा खोटं बोलतात. तेव्हा औषध न घेणारा रोगी हा काही आजचा नाही.

आजचा विषय मनोरुग्णांपुरता आहे. ते औषध का घेत नाहीत, हे सगळे विचारतात. का घेतात, हे फारसं कुणी विचारत नाही. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, डॉक्टर नव्हे. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो. हे व्याख्यान ऐकून कुणी आपली गोळी परस्पर बंद करायची नाही आणि दुसऱ्याची सुरूही करायची नाही. आम्हाला रस आहे तो प्रश्नात. हा प्रश्न कुणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारला, यावर त्याचं उत्तर किती बदलत गेलं, ते पाहायचं आहे.

सुरुवात ऑस्ट्रेलियापासून करू. जॉन केड नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले, साडेतीन वर्षं चांगीच्या छावणीत काढली. परत आल्यावर मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या रुग्णालयात त्यांनी लिथियमचे क्षार उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिले. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आधुनिक मनोविकारशास्त्रातला औषधोपचार तिथून सुरू झाला असं पुष्कळ जण मानतात. त्या लेखातला पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा. पाच वर्षं सतत उन्मादात, वॉर्डातला सर्वांत त्रासदायक माणूस. लिथियम सुरू झालं आणि काही आठवड्यांत तो शांत झाला. जुलै १९४८ मध्ये घरी गेला, जुन्या कामावर रुजूदेखील झाला. घरी जाताना सांगितलं होतं की गोळी चालू ठेवायची. पुढे काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. औषधाबाबत तो हळूहळू ढिला पडला, मग त्याने ते सोडूनच दिलं आणि जानेवारी १९४९ मध्ये पुन्हा रुग्णालयात दाखल झाला.

म्हणजे पहिल्या औषधाचा पहिला रुग्ण हाच औषध सोडणारा पहिला रुग्ण. का सोडलं? ते कारण त्या नोंदीत नाही. आम्हाला नेहमी वाटतं की या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी जागा हीच. कारण गोष्ट इथे संपत नाही. लिथियम पुन्हा सुरू झालं, गुण आला. पण पुढे शरीराला ते सोसेना. बंद केलं की उन्माद, सुरू केलं की विषबाधा. १९५० मध्ये तो माणूस लिथियमच्या विषबाधेनेच गेला. रक्तातलं लिथियमचं प्रमाण नियमित मोजून डोस ठरवायची रीत तेव्हा बसलेली नव्हती. ज्याला आपण ढिलाई म्हटलं, त्या माणसाच्या शरीराला आधीच काही कळत होतं का? सांगता येणार नाही. पण विचारायला हवं होतं.

आता जरा मागे या. वेड्यांच्या इस्पितळात, म्हणजे चार भिंतींच्या आत, ‘औषध का घेत नाही’ हा प्रश्नच नव्हता. तिथे नकार हा शिस्तीचा मामला. पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात देले आणि देनिकर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन वापरलं, ते दोनतीन वर्षांत जगभर गेलं, आणि वॉर्डात एक नवाच खेळ सुरू झाला. रुग्ण गोळी जिभेखाली धरायचे, गालात लपवायचे, संडासात थुंकायचे. सिस्टर तोंड उघडायला लावून जीभ उचलायला सांगायची. कुणी गोळीऐवजी पातळ औषध द्यायला लागलं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोनतीन आठवडे पुरणारं इंजेक्शन आलं. तोंडाचा प्रश्न दंडाने सोडवला, एवढंच झालं.

पण याच औषधांमुळे माणसं घरी जाऊ लागली. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसं होती. तिथून तो आकडा उतरत गेला. आणि माणूस घरी गेला की गोळी त्याच्या हातात आली. खरा प्रश्न तिथे जन्मला.

आपल्याकडची एक गोष्ट जाता जाता सांगतो. सर्पगंधेची मुळी बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणून विकली जायची. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी लिहिलं. मुंबईत रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबासाठी तिचा उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातूनच पुढे रेझरपिन निघालं. औषध गुणी. पण नाव पाहा! मुळी तीच, पण रक्तदाबाची म्हणून दिली तर माणूस चारचौघांत खाईल. पागल की दवा म्हणून दिली तर मोरीचं दार लावून खाईल, किंवा खाणारच नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना घरातल्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढणारी घरं तुम्हीही पाहिली असतील.

आता एक जोड देतो, ती मनोविकारांबाहेरची आहे पण आपल्या मुद्द्याला फार लागते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र सुरू झालं. वॅलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. तिथे दोन गट केले : काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही आपापल्या घरी, गरीब वस्तीत. औषध तेच, वर्षभर. गुण जवळजवळ सारखाच आला आणि सॅनेटोरियमचा जमाना उताराला लागला. पण घरी औषध घेणारे खरंच घेतात का? केंद्राची माणसं अचानक घरी जाऊन लघवीचा नमुना घ्यायची, गोळ्या मोजायची. आणि दिसलं असं की कितीतरी जण औषध चुकवतात. खोकला थांबला, ताप उतरला, वजन वाढलं की चुकवतात. डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावायची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिची मुळं मद्रासच्या या कामात आहेत.

क्षयाच्या रोग्याची बुद्धी शाबूत असते. त्याला कुणी ‘तुला तुझ्या आजाराचं भान नाही’ म्हणत नाही. तरी तो गोळी सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे रुग्ण सरासरी निम्म्याच प्रमाणात औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. मधुमेहवाला सोडतो, रक्तदाबवाला सोडतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी अँटिबायोटिकचा कोर्स पाचव्या दिवसापर्यंत पुरा केला आहे? हात वर करू नका. मग मनोरुग्णाने सोडलं की मात्र आपण म्हणतो, ‘आजारामुळेच सोडलं.’ बाकीच्यांच्या नकाराला आपण कारण देतो आणि त्याच्या नकाराला निदान देतो.

शब्दांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. आधी शब्द होता ‘डिफॉल्टर’, म्हणजे थकबाकीदार. जणू सोसायटीचे हप्ते चुकवलेत. मग सत्तरच्या दशकात कॅनडात सॅकेट आणि हेन्स यांनी ‘कम्प्लायन्स’ हा विषय शास्त्रीय केला. त्यांचं पुस्तक १९७६ चं. कम्प्लायन्स म्हणजे आज्ञापालन, चरकाचं निर्देशकारित्वच. त्यात हुकूम फार, म्हणून ‘ॲडहिअरन्स’ आला : धरून राहणं. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये ‘कॉन्कॉर्डन्स’ आला, म्हणजे दोघांची सहमती. शब्द सुधारत गेले, हे चांगलंच. पण ओपीडीत दीडशे केसपेपर आणि एकाला चार मिनिटं, अशा ठिकाणी सहमती कशी व्हायची? तिथे शब्द कोणताही असो, व्यवहार कम्प्लायन्सचाच राहतो.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत आवडतं ते एक साधं काम. १९७४ मध्ये थिओडोर व्हॅन पुटन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने लेख लिहिला, त्याचा विषयच हा की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण औषध का नाकारतात. त्याने ८५ रुग्ण पाहिले. ४६ टक्के लोक सांगितल्यापेक्षा कमी औषध घेत होते. आणि या नकाराचा घट्ट संबंध निघाला तो औषधाच्या एका परिणामाशी, अकॅथिसियाशी. मूळ ग्रीक अर्थ, बसता न येणं. आतून अशी तगमग होते की माणूस एका जागी टेकू शकत नाही, पाय हलवत राहतो, येरझारा घालतो. गोम अशी की ही तगमग पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. आणि दिसलीच तर ती आजारासारखी दिसते! मग डॉक्टर काय करणार? डोस वाढवणार. रुग्ण म्हणतो, ‘ही गोळी मला मारतेय.’ आपण ऐकतो, ‘याचा संशय वाढलाय.’

म्हणजे त्या माणसाजवळ ज्ञापकत्व होतं. तो सांगत होता. ऐकणाऱ्याला ते ज्ञापन वाटलं नाही, लक्षण वाटलं.

मात्र हेही तितकंच खरं की पुष्कळ वेळा नकार हा आजाराचाच भाग असतो. गोळीत विष आहे असा भ्रम असेल तर माणूस गोळी कशी घेईल? बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये अर्धांगवायूच्या अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं की ज्यांना आपला हात लुळा आहे हेच कळत नाही. स्किझोफ्रेनियात तसंच काहीसं होतं असं पुढे मांडलं गेलं. आम्ही ते नाकारत नाही. आमची हरकत वेगळी आहे, आणि ती तार्किक आहे. १९९० मध्ये अँथनी डेव्हिड यांनी आजाराच्या भानाचे तीन धागे सांगितले : मला आजार आहे हे मानणं, विचित्र अनुभव आजारातले आहेत हे ओळखणं आणि उपचार स्वीकारणं. त्यांनी ते वेगवेगळे मोजावेत म्हणून सांगितले. पण व्यवहारात काय होतं? गोळी का घेत नाही? भान नाही म्हणून. भान नाही कशावरून? गोळी घेत नाही यावरून. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि त्याला दोषांत गणतात.

प्रत्यक्षात माणसं या चौकटीत बसत नाहीत. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणारा एखादा रोज नेमाने गोळी घेतो, कारण झोप लागते, कारण आई हातावर ठेवते. आणि आजार पुरता ओळखणारी बाई गोळी सोडते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. हाच आजार त्यांच्या अभ्यासाचा विषय, आजार स्वतःलाही, आणि तरी त्यांनी लिथियम पुन्हा पुन्हा सोडलं. १९९५ च्या आत्मकथनात त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं आहे : वाचलेलं डोक्यात राहीना, आणि उन्मादाच्या चढत्या दिवसांची ओढही सुटेना. अशा ओढीला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं. १२ जण म्हणाले, काम वाढलं. ६ म्हणाले, फरक नाही. ६ म्हणाले, घटलं. औषधाचा प्रचारक या अर्ध्यांकडे बोट दाखवेल. ज्याच्या हातून गाणंच गेलं, तो बाकीच्या सहांतला असतो.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे गोळी बहुधा रुग्णाच्या हातात नसते, ती आईच्या, बायकोच्या, भावाच्या हातात असते. आणि नकार आला की ती चहात जाते, वरणात जाते, कणकेत मळली जाते. चेन्नईच्या संशोधकांनी २००२ मध्ये कुटुंबांशी बोलून हे नोंदवलंसुद्धा. त्या आईला फसवणूक करणारी म्हणणं आमच्या जिवावर येतं. रात्री तीनला मुलगा दार तोडत असतो, तेव्हा तिच्याजवळ कान्ट नसतो. पण पुढचा हिशेबही मांडायला हवा. ज्याला घरचे जेवणात काहीतरी घालतात असा संशय आहे, त्याच्या जेवणात घरचे खरोखर काहीतरी घालत असतात. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी भ्रम आणि वस्तुस्थिती यांतला भेद आपण त्याला कसा समजावणार? तो जेवणही सोडतो. आणि दुसरं, आपण गोळी घेतो आहोत हेच ठाऊक नसल्याने, बरं वाटलं ते गोळीने, हे त्याला कधीच कळत नाही. पुढे स्वतःहून गोळी घेण्याचं एकमेव खरं कारण आपण त्याच्यापासून लपवलेलं असतं.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, अंमल २९ मे २०१८ पासून, इथे दोन गोष्टी करतो. कलम ४ म्हणतं की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. आमच्या मते त्या कायद्यातली सर्वांत तत्त्वज्ञानी ओळ हीच. आणि कलम ५ नुसार माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की क्षमता गेली तर आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत. युलिसीसने शुद्धीत असताना स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, तसंच हे. याला मर्यादा आहेत. तातडीच्या उपचारांत ते लागू नाही, आणि डॉक्टर किंवा नातेवाईक मंडळाकडे जाऊन त्यात बदल मागू शकतात. फारच थोड्यांना हा कागद माहीत आहे, हे मात्र वाईट. त्यात तत्त्वज्ञान लिहायचं नसतं. साध्या मराठीत लिहायचं : मागच्या वेळी अमुक इंजेक्शनने माझा जबडा आखडला होता, ते नको. अमुक गोळी मला चालते, पण रात्रीच द्या, दिवसा दिली तर कामावर झोप येते. मी नाही म्हणालो तर आधी ताईला बोलवा. आणि गोळी चहात घालू नका, हातावर द्या.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या.