एक तकरीर, दोन मैदाने

माझा भाचा नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभा राहायचे म्हणत होता. एका रात्री जेवण झाल्यावर दोन कागद घेऊन तो माझ्याकडे आला. "मामू, जरा नजर डालो," म्हणाला.

दोन्ही कागदांवर भाषणे होती. एक मोहल्ल्यातल्या सभेसाठी, दुसरे बाजारपेठेतल्या. मोहल्ल्याच्या भाषणात सुरुवातीला सलाम आणि शेर, मग बादशहांची नावे, आणि शेवटी भीती : ते निवडून आले तर तुमचे काय होईल, विचार करा. बाजारपेठेच्या भाषणात सलाम गायब. गटार, रस्ता, विकास, आणि मधेच एक वाक्य की मी 'तसा' नाही. ते वाक्य मी दोनदा वाचले. प्रभाग एकच, मतदान एकाच दिवशी, आणि उमेदवार मात्र दोन.

मी म्हणालो, "भाषण लिहून देणे माझ्या नोकरीच्या नियमात बसत नाही. इतिहास सांगणे बसते. तो ऐक."

बीएडला आम्हाला पाठटाचण काढावे लागे. उद्दिष्ट काय, मुलांचे पूर्वज्ञान काय, प्रस्तावना कशी, मांडणी कोणत्या क्रमाने, शेवटी गृहपाठ कोणता. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या दोन तकरिरी मी वर्गात याच पाच रकान्यांत बसवून शिकवतो. राजकीय भाषण कसे आखावे, हे मला त्यांतूनच कळले.

पहिली तकरीर मार्च 1940 ची, रामगढची. हे गाव आज झारखंडमध्ये आहे. मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि समोरचे बहुतेक प्रतिनिधी हिंदू होते. सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले होते, काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. त्याच आठवड्यात लाहोरला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरायचे होते. पुढे ज्याला पाकिस्तानचा ठराव म्हटले गेले, तो तिथलाच.

आता क्रम पाहा. मौलानांनी सुरुवात हिंदू-मुसलमान प्रश्नाने केली नाही. युद्ध आणि आझादी हा सर्वांचा विषय त्यांनी आधी घेतला. ऐकणारा सोबत आल्यावर अल्पसंख्याकांचा प्रश्न काढला. त्यात दोन्ही बाजूंना न आवडणारे बोलले. बहुसंख्याकांना सांगितले की अल्पसंख्याकांना कोणते संरक्षण हवे हे ते स्वतः ठरवतील, ते तुम्ही ठरवायचे नाही. मुसलमानांना सांगितले की आपण आठ-नऊ कोटी आहोत, अकरापैकी चार प्रांतांत बहुसंख्य आहोत, घाबरलेल्या मूठभर माणसांसारखे वागायचे कारण नाही. आणि त्यानंतर स्वतःबद्दल : मी मुसलमान आहे, तेराशे वर्षांचा वारसा माझा आहे, त्यातला कणही सोडणार नाही, आणि मी हिंदुस्थानी आहे, माझ्यावाचून या देशाची इमारत पुरी होत नाही. अशा आशयाचे ते बोलले, आणि ते हिंदू श्रोत्यांसमोर बोलले. 'मी तसा नाही' म्हणण्याची त्यांना गरज वाटली नाही.

वर्गात इथे हमखास प्रश्न येतो, "सर, मग लोकांनी ऐकले का?" खरे उत्तर द्यावे लागते. 1945-46 च्या निवडणुकीत केंद्रीय कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या 30 च्या 30 जागा लीगने जिंकल्या. तेव्हा मत देण्याचा हक्क मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या थोड्यांनाच होता, हे खरे. पण हार ती हार.

या हारीमागचे एक कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. 1909 पासून मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते. मुस्लिम जागेवरच्या उमेदवाराला मत फक्त मुसलमानांचे मागायचे असे, सर्वसाधारण जागेवरच्या उमेदवाराला त्यांच्याकडे जावेच लागत नसे. दुसऱ्या गल्लीत आपले शब्द कसे ऐकू येतील, याची फिकीर दोघांनाही नव्हती. स्वतंत्र भारताने ती पद्धत बंद केली. भाच्याला म्हणालो, "कायद्याने मतदारसंघ एक केला. तू कागदावर परत दोन करतोयस."

दुसरी तकरीर ऑक्टोबर 1947 ची, दिल्लीच्या जामा मशिदीतली. शहर दंगलींतून गेले होते. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा इथल्या छावण्यांत हजारो मुसलमान पाकिस्तानला जायच्या वाटेवर बसले होते. मौलाना नेहरूंच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. समोर सगळे आपले, आणि सगळे घाबरलेले.

इथे आखणी उलटी झाली. मौलानांनी आधी जुनी ओळख काढली : याच जागी मी तुमच्याशी बोललो होतो, तेव्हा तुमचे चेहरे वेगळे होते. मग गाऱ्हाणे : मी हाका मारल्या, तुम्ही ऐकल्या नाहीत, ज्यांच्या भरवशावर राहिलात, ते खांब पडले. मग भीतीचा प्रश्न : पळून जाण्याला हिजरतचे पाक नाव देता आहात, पण जाता कुठे आणि का? मशिदीचे मिनार आणि जमुनेचा काठ त्यांनी साक्षीला उभे केले. आणि मग गृहपाठ : नव्या राज्यकर्त्यांकडून निष्ठेचे दाखले मागत फिरू नका, परक्यांच्या राज्यात केलीत तशी खुशामत करू नका, हा देश आपला आहे असे समजून त्याच्या कामाला लागा. शेवट धीर देणाऱ्या कुरआनच्या आयतीने.

ही तकरीर ऐकून लोकांनी बांधलेले बिछाने सोडले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. सोडलेही असतील. पण 1941 मध्ये दिल्ली प्रांतात सुमारे 33 टक्के मुसलमान होते, 1951 मध्ये सुमारे 6 टक्के उरले. एका तकरिरीने सगळे थांबत नसते. जे राहिले, त्यांना राहण्याचे कारण मिळाले, एवढे म्हणता येते.

दोन्ही तकरिरी शेजारी ठेवल्या की दिसते : क्रम वेगळा, सूर वेगळा, उदाहरणे वेगळी. उद्दिष्टाच्या रकान्यात मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट. रामगढचे वाक्य जामा मशिदीत चालले असते आणि जामा मशिदीतले रामगढला. ऐकणारा पाहून प्रस्तावना बदलावी, उद्दिष्ट बदलू नये.

भाचा म्हणाला, "मामू, पण घाबरलेल्या माणसांना कोणी रागावतं का?"

प्रश्न बरोबर होता. मौलाना रागावू शकले, कारण त्यांचा हक्क तयार होता. 1912 मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले, सरकारने ते बंद पाडले. रांचीला नजरकैद झाली. 1942 पासून आपल्याच अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना, 1943 मध्ये, तिकडे कलकत्त्याला पत्नी वारल्या, शेवटची भेटही झाली नाही. एवढे भोगलेला माणूस 'माझे ऐकले नाहीत' म्हणतो तेव्हा ते टोचते आणि पटतेही. नव्या उमेदवाराने ती नक्कल करू नये. पाठटाचणात नसलेला एक सहावा रकाना भाषणाला लागतो : बोलणाऱ्याने आधी काय केले आहे.

भाच्याने दोन्ही कागद उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या. उद्दिष्टात लिहिले : पाणी दोन्ही बाजूंना एकाच वेळापत्रकाने. मोहल्ल्याला सांगायची कडू गोष्ट : नाल्यावरची टपरी आपल्या लोकांचीच आहे. बाजारपेठेला सांगायची : नालेसफाई दर वर्षी आमच्या गल्लीत शेवटी होते. गृहपाठ : मत देऊन घरी बसू नका, तक्रार घेऊन माझ्यासोबत पालिकेत चला.

सहाव्या रकान्यात तो अडला. बराच वेळ पेन फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "कोविडमध्ये आम्ही पोरांनी मयती उचलल्या होत्या. कबरस्तानातही, स्मशानातही. पण ते काय सांगायचं?"

ती गोष्ट दोन्ही कागदांवर नव्हती. मी म्हणालो, "सुरुवात तिथून कर. दोन्हीकडे. शेर नंतर बघू."