मनगट दुखतंय, पण दोष कोणाचा?

संशोधनाचा प्रश्न जसा मांडाल, तसंच उत्तर हाती येतं. हे वाक्य पद्धतिशास्त्राच्या तासाला सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, पण पटत नाही. म्हणून आज एक साधं उदाहरण घेऊ: टायपिंग करताना दुखणारं मनगट.

सुरुवात कीबोर्डच्या बरीच आधी होते. बर्नार्डिनो रामाझिनी हा इटालियन वैद्य. कामगारांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर एक प्रकरण लिहिलं. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. म्हणजे शरीर, काम आणि मन, तिन्ही एकत्र.

पुढे हे तिघं वेगळे झाले. ब्रिटनमध्ये तारयंत्राची कळ दिवसभर दाबणाऱ्या तारमास्तरांचे हात आखडू लागले. 1908 मध्ये हा आजार नुकसानभरपाईच्या यादीत आला. मग सरकारी समितीने चौकशी केली. 1911 च्या तिच्या अहवालात दोन कारणं होती: हाताचा वारंवार येणारा थकवा आणि त्या माणसाची ‘नाजूक’ मज्जासंस्था. आता बघा, दुसरं कारण खरं मानलं की उपाय काय उरतो? भरतीच्या वेळी माणसं निवडून घ्या! यंत्र आहे तसंच राहतं.

दरम्यान टाइपरायटर आला होता. रेमिंग्टनने तो 1874 मध्ये बाजारात आणला. त्याच्या कळांच्या रांगा पायऱ्यांसारख्या चढत जायच्या, कारण प्रत्येक कळेखाली तरफ होती. कळ जोरात दाबावी लागे, त्यामुळे टायपिस्ट मनगट टेकवत नसत. शिवाय ओळ संपली की हाताने कॅरेज मागे सरकवायचं, कागद बदलायचा. हातांना आपोआप उसंत मिळायची.

कॉम्प्युटरच्या कीबोर्डमध्ये तरफा गेल्या, कॅरेज गेलं, उसंतही गेली. पण चढ राहिला! मागच्या बाजूचे ते छोटे पाय आजही आहेत. ते उघडले की कीबोर्डची मागची कड वर येते आणि मनगट मागे वाकतं. मनगट वाकलं की त्यातल्या अरुंद बोगद्यातला दाब वाढतो, आणि तिथूनच बोटांकडे जाणारी एक मुख्य नस जाते.

1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात अशा तक्रारींची लाटच आली. लगेच जुना वाद परतला: ही इजा आहे की मनाचा खेळ? पण तोवर वेगळा प्रश्न विचारणारेही होते. कार्ल क्रोमर यांनी 1972 मध्ये दोन भागांत विभागलेला, बाजूंना उतरता कीबोर्ड तपासला होता. त्यांचा प्रश्न होता, ‘हात नैसर्गिकपणे जसा असतो, तसा कीबोर्ड का नसावा?’ 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ कीबोर्ड याच विचाराने बाजारात आला.

या इतिहासातून टेबलावर करण्याजोगं बरंच निघतं. मागचे पाय मिटून ठेवा. कीबोर्ड साधारण कोपराच्या उंचीवर, अंगाजवळ घ्या. खांदे सैल, कोपर जवळपास काटकोनात, आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत. टायपिंग चालू असताना मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नका. टेकायचं ते थांबल्यावर, आणि तेही तळहात. लॅपटॉपवर प्रबंध लिहीत असाल तर कीबोर्ड वेगळा जोडा, नाहीतर मान आणि मनगट यांपैकी एकाचे हाल ठरलेले. आणि हरवलेली उसंत आता आपणच ठरवून घ्यायची. दुखणं किंवा मुंग्या टिकून राहिल्या तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता संशोधनाकडे. ‘कोणाला दुखतं?’ असं विचारलं की नाजूक माणसं सापडतात. ‘काय करताना दुखतं?’ विचारलं की कळ, चढ आणि टेबल दिसू लागतं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पहिलाच विचारून थांबलात, तर ज्याला दुखतंय त्याच्यावरच दोष येतो. प्रस्ताव लिहिताना आपला प्रश्न कोणाला मोकळं सोडतोय, एवढं एकदा तपासून बघा.