चाकांचा लगाम

गोराईच्या किनाऱ्याच्या दक्षिणेस, जुहूच्या ज्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेथे त्यांच्या ‘पुस मॉथ’ विमानाचा वेग आवरण्यासाठी चाकांच्या दांड्यांवरील आवरणे वाऱ्यास आडवी फिरविण्याची योजना होती. पुढे विमाने अजस्र झाली, गतिरोधाचा भार चाकांतील तबकड्यांवर आला आणि एखाद्या सदोष भागावर शेकडो प्राण अवलंबून राहू लागले; म्हणूनच १९३४ चा विमानविषयक कायदा व १९३७ चे नियम यांच्या अंमलात, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा हुकूम सुटताच असा भाग विहित मुदतीत बदलणे सक्तीचे ठरले. या हुकुमाची बिनचूक तामिली हीच प्रवाशाच्या जीविताची खरी हमी होय.