यकृतातलं चक्र

मामाचं यकृत निकामी होत चाललं होतं तेव्हाची गोष्ट. एके सकाळी त्याने मला ओळखलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "रक्तात अमोनिया साचलाय, तो मेंदूपर्यंत पोचतो." औषधाने दोन दिवसांत मामा ताळ्यावर आला, पण माझ्या डोक्यातला अमोनिया काही जाईना! मग शनिवार-रविवारी मिळेल ते वाचत सुटलो.

प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. हे नेमकं कसं होतं, ते १९३२ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हान्स क्रेब्स आणि त्यांचा विद्यार्थी कुर्ट हेन्झेलाइट यांनी शोधलं. उंदराच्या यकृताचे पातळ काप द्रावणात ठेवायचे, एकेक पदार्थ घालायचा आणि युरिया किती झाला ते मोजायचं. ऑर्निथिन घातल्यावर युरिया झपाट्याने वाढला. गंमत म्हणजे ऑर्निथिन संपेचना! म्हणजे तो कच्चा माल नव्हता, फेरा पूर्ण करून पुन्हा हजर होत होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, चक्क लूप.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, ज्यू म्हणून क्रेब्सना नाझी राजवटीने नोकरीतून काढलं. ते केंब्रिजला गेले. १९५३ चं नोबेल मिळालं ते दुसऱ्याच चक्रासाठी, सायट्रिक आम्लाच्या.

आता तुम्ही म्हणाल, यात कॉम्प्युटर कुठे आला? तर २०१० साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या होल्झह्यूटर यांच्या गटाने 'हेपॅटोनेट१' प्रसिद्ध केलं. मानवी यकृतपेशीतले ७७७ पदार्थ आणि २५३९ अभिक्रिया, सगळं एका जाळ्यात. त्यासाठी १५०० हून अधिक शोधनिबंध माणसांनी बसून तपासले. गणित मात्र वाण्याच्या खतावणीचं. पेशीतला प्रत्येक पदार्थ जेवढा तयार होतो तेवढाच खर्च झाला पाहिजे. मग लिनिअर प्रोग्रॅमिंग लावून शक्य ते मार्ग शोधायचे. इंजिनिअरिंगला ज्या सिंप्लेक्सने छळलं, तो इथे भेटेल असं वाटलं नव्हतं! अमोनिया काढून टाकण्याचं कामही त्यांनी या जाळ्यावर तपासलं.

पण हा जमाखर्च फक्त काय शक्य आहे ते सांगतो. अमोनिया किती वेळात किती चढेल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक विकराचा वेग हवा आणि तो शेवटी प्रयोगशाळेतच मोजावा लागतो. म्हणजे फिरून क्रेब्सच्या कापांपाशीच आलो की!

मामा त्यानंतर सात महिन्यांनी गेला. युरियाच्या चक्राची मुख्य विकरं अवघी पाच. एवढ्या अडीच हजारांच्या पसाऱ्यात पाच-सहा ओळींचं काम. ते थांबलं की माणूस आपल्या भाच्याला ओळखत नाही.

असो. आज इतकंच.